एकाला दोन, दोनाला तीन

मी सांगलीची. सांगलीचं आणि बुद्धिबळाचं नातं तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. भाऊसाहेब पडसलगीकरांनी त्या गावात वर्षानुवर्षं स्पर्धा भरवल्या, खेळाडू घडवले, आणि मे महिन्याच्या सुट्टीत पोरांना बुद्धिबळाला घालणं हे पोहायला घालण्याइतकंच साहजिक होऊन बसलं. त्यामुळे पोस्टडॉक म्हणून अबू धाबीला आले तेव्हा शनिवार-रविवारची चिंता नव्हती. दुबईत १९८६ साली बुद्धिबळाचं ऑलिंपियाड भरलं होतं, २०२१ मध्ये कार्लसन आणि नेपोम्नियाची यांची जगज्जेतेपदाची लढत तिथल्याच एक्स्पोच्या आवारात झाली. बुद्धिबळाला या देशात तोटा नाही. मला मात्र नाद लागला तो गोचा.

गो समजून घ्यायला बुद्धिबळ आठवू नका, नवकंकरी आठवा. देवळांच्या फरशीवर, किल्ल्यांवर कोरलेले ते एकात एक चौकोन तुम्ही पाहिले असतील. तिथे खडे घरात नाही, रेघा जिथे मिळतात तिथे ठेवतात. गोमध्येही तसंच. १९ उभ्या रेघा, १९ आडव्या, म्हणजे ३६१ जागा. आजीच्या ठिपक्यांच्या रांगोळीसारखा पट. एकाच्या काळ्या सोंगट्या, दुसऱ्याच्या पांढऱ्या, आळीपाळीने एकेक ठेवायची. ठेवलेली सोंगटी पुन्हा हलत नाही. चहूबाजूंनी वेढली गेली तर उचलली जाते, आणि शेवटी ज्याने जास्त रिकामी जागा वेढली तो जिंकला. एखाद्या समूहाने पोटात दोन वेगळी भोकं राखली तर तो मरत नाही. त्या भोकांना डोळे म्हणतात. नियम एवढेच. बाकीचं शिकायला अडीच-तीन हजार वर्षं माणसं बसली आहेत.

आज मला पटाच्या फक्त एका भागाबद्दल बोलायचं आहे: कड. म्हणजे दोन कोपऱ्यांच्या मधली बाजू, आणि डावाच्या सुरुवातीला तिथे काय करावं, काय करू नये.

आधी हिशेब करू. तीन बाय तीन, म्हणजे नऊ जागांचं शेत कुंपणात घ्यायचं आहे. कोपऱ्यात घेतलंत तर दोन बाजूंना पटाची कड आयतीच आहे, सहा सोंगट्यांत काम भागतं. कडेला तीन बाजू घालाव्या लागतात, नऊ सोंगट्या. मधोमध चारही बाजू, बारा. तेवढंच शेत, दुप्पट कुंपण. म्हणून आधी कोपरा, मग कड, मग मध्य, हा क्रम शेकडो वर्षं शिकवला जातो. बांधावरून तीन पिढ्या कोर्टात घालवलेल्या मुलखातून आलेल्या माणसाला हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. अमिरातीतल्या माणसालाही नाही. नकाशा पाहा: अबू धाबी, दुबई, शारजा, अजमान, उम्म अल कुवैन, रास अल खैमा ही सगळी आखाताच्या कडेने, फुजैरा पलीकडच्या समुद्राच्या कडेला. मध्यात वाळू. आत शिरून वसलेलं मोठं शहर म्हणाल तर अल ऐन, तेही तिथल्या गोड्या पाण्यामुळे.

कोपरे चारच. दोघांनी दोन-दोन वाटून घेतले की कडेचा प्रश्न येतो, आणि इथून खरी गंमत सुरू होते. पहिली अडचण उंचीची. कडेपासून दुसऱ्या रेघेवर सरपटत राहिलं तर प्रत्येक सोंगटीमागे एकच घर पदरात पडतं. जुने खेळाडू तिला हरण्याची रेघ म्हणत. तिसऱ्या रेघेवर दोन घरं, आणि खालून कुणी सहज शिरत नाही. चौथ्या रेघेवर तीन घरं, मध्यावर नजरही राहते, पण पायाखालून शत्रू सरकतो. म्हणून तिसरी रेघ जमिनीची आणि चौथी दबदब्याची. या दोन रेघांचा तोल कसा साधायचा यावर लिहिलेल्या पुस्तकांनी एखादं कपाट सहज भरेल.

दुसरी अडचण अंतराची. तिसऱ्या रेघेवर तुमची एकटी सोंगटी आहे. ती एकटी राहिली तर तिच्यावर धाड येणार. कडेकडेने जोडीदार ठेवायचा आहे, पण किती लांब? जवळ ठेवला तर सुरक्षित, पण कंजूषपणा झाला. लांब ठेवला तर ऐसपैस, पण मध्ये कुणीतरी उडी मारेल आणि दोन तुकडे करेल. यावरचा नियम असा: एका सोंगटीपासून मध्ये दोन जागा सोडून ठेवा. दोन सोंगट्या एकावर एक उभ्या असतील तर तीन सोडा. तीन असतील तर चार. मागची भिंत जितकी उंच, तितकं पुढचं पाऊल लांब, कारण मध्ये शिरणाऱ्याला त्या भिंतीवर दाबून मारता येतं. एकट्या सोंगटीपासून दोन सोडून ठेवलेली जोडी सहसा तुटत नाही. मध्ये शिरलेला स्वतःच अडकतो.

हे मला पहिल्यांदा सांगितलं गेलं तेव्हा मी मराठीत मोठ्याने म्हणाले, ‘अंथरूण पाहून पाय पसरावेत!’ समोरच्याला अर्थातच कळलं नाही. मग भाषांतर करून सांगितलं. त्यांनी ते मोबाइलमध्ये टिपून घेतलं.

समोरचे म्हणजे एक कोरियन इंजिनिअर, साठीला आलेले. अबू धाबी शहराच्या पश्चिमेला, रुवैसच्याही पुढे, बराका इथे कोरियन बनावटीच्या चार अणुभट्ट्या आहेत. २०१२ मध्ये काम सुरू झालं, चौथी भट्टी २०२४ च्या सप्टेंबरमध्ये व्यापारी तत्त्वावर चालू झाली. त्या बारा वर्षांत कितीतरी कोरियन माणसं इथे आली आणि गेली. हे त्यांतलेच, शेवटी शेवटी मुख्य शहरात राहायला आलेले. माझ्या एका सहकाऱ्याने आमची गाठ घालून दिली. ते मला ‘पाक्सानिम’ म्हणतात, म्हणजे पीएच.डी. झालेल्याला आदराने हाक मारतात तसं. मी त्यांना ‘सनसेंगनिम’ म्हणते, म्हणजे गुरुजी. या लेखात मी त्यांना काका म्हणणार आहे, कारण मनात तेच येतं. दर शनिवारी सकाळी एका केरळी हॉटेलात दोन चहा आणि एक पट. मालकाने पहिल्या महिन्यात पटाकडे संशयाने पाहिलं, दुसऱ्या महिन्यात तोच मागे उभा राहून चाली सुचवू लागला, बहुतेक चुकीच्या.

काकांकडून खेळाबरोबर शब्दही आले. कोरियात गोला बादुक म्हणतात. पटाच्या कोपऱ्याला ‘ग्वी’, आणि त्याच शब्दाचा अर्थ कान. ज्या ठिपक्यांना जपानी लोक तारे म्हणतात त्यांना कोरियन माणूस फुलं म्हणतो. वेढलेल्या जागेला ‘चिप’ म्हणतात, म्हणजे चक्क घर. डाव संपल्यावर काका माझी किती घरं आणि त्यांची किती ते मोजतात, आणि आपणही बुद्धिबळात, सारीपाटात घरंच म्हणतो, त्यामुळे माझ्या कानाला ते परकं वाटत नाही.

आणखी एक शब्द त्यांनी दिला: ‘मिसेंग’. ज्या समूहाचे दोन डोळे अजून झालेले नाहीत, जो अजून जगलेला नाही आणि मेलेलाही नाही, तो मिसेंग. याच नावाची एक कोरियन चित्रकथा आणि त्यावरची २०१४ ची मालिका गाजली. व्यावसायिक बादुक खेळाडू होऊ न शकलेला एक तरुण एका मोठ्या कंपनीत कंत्राटी नोकरीला लागतो, त्याची गोष्ट. काकांनी हे सांगितलं आणि चहाचा घोट घेत माझ्याकडे पाहिलं. तुमच्यात कुणी पोस्टडॉक असेल तर जास्त लिहायला नको. कंत्राट एक वर्षाचं, राहण्याचा परवाना नोकरीला बांधलेला, दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर प्रोफेसरांच्या दारावर टकटक.

आता थोडा इतिहास, कारण कडेचा भाव एकसारखा कधीच नव्हता. जपानमध्ये १९३३ च्या उन्हाळ्यात कितानी मिनोरू आणि चिनी वंशाचा गो सेइगेन या दोन तरुणांनी नागानो भागातल्या जिगोकुदानीच्या गरम पाण्याच्या झऱ्यांपाशी बसून सुरुवातीच्या चालींचा नव्याने विचार केला. कोपरे बंदिस्त करून मग कडेला सरकण्याची जुनी शिस्त त्यांनी सैल केली. वेगाला आणि मध्याला महत्त्व दिलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये १९ वर्षांचा गो सेइगेन मोठ्या मास्तरांसमोर, होनिनबो शूसाईंसमोर, बसला आणि पहिल्या तीन चालींत एका कोपऱ्यात खोलवर, समोरच्या कोपऱ्यात ताऱ्यावर, आणि तिसरी थेट पटाच्या नाभीवर ठेवली. लोकांनी याला उद्धटपणा म्हटलं. डाव जानेवारी १९३४ पर्यंत चालला, मास्तर दोन घरांनी जिंकले. पुढे ताकेमिया मासाकीने एका बाजूचे तिन्ही तारे घेऊन मध्यावर आभाळ उभं करायची शैली लोकप्रिय केली. म्हणजे कडेच्या मधोमध ठेवलेली एक सोंगटी दोन कोपऱ्यांना जोडणारा खांब झाली. मला स्वतःला हे डाव पाहायला अजूनही सगळ्यात जास्त आवडतात.

मग मार्च २०१६. सोलमध्ये अल्फागो या संगणक प्रणालीने ली सेडोलला ४–१ हरवलं. दुसऱ्या डावातली ३७ वी चाल पटाच्या उजव्या कडेला होती, आणि ती पाचव्या रेघेवर होती. चौथ्या रेघेवर बसलेल्या पांढऱ्या सोंगटीच्या खांद्यावर वरून दाब. असं केलं की समोरच्याला चौथ्या रेघेखालची जमीन आंदण द्यावी लागते, आणि ती फार मोठी किंमत आहे, हे प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवलेलं. समालोचकांना आधी वाटलं चाल नोंदवताना चूक झाली. त्या वेळी ली सेडोल खोलीबाहेर होता. परत आल्यावर त्याने उत्तर द्यायला बारा मिनिटांहून जास्त घेतली.

खरा उलथापालथीचा काळ त्यानंतर आला. अल्फागो झीरोने २०१७ मध्ये माणसांचे डाव न पाहता स्वतःशीच खेळून खेळ शिकला, आणि पाठोपाठ काटागोसारख्या मोफत प्रणाली आल्या, ज्या माझ्या लॅपटॉपवरही चालतात. त्यांनी कडेचा भाव पाडला. ताऱ्यावर बसलेल्या कोपऱ्यात सुरुवातीलाच घुसून जमीन घ्यायची, बाहेर भिंत झाली तर होऊ द्यायची, हे आधी पोरकट समजलं जाई. आता ते नित्याचं झालं. कोपरा असा पोखरला गेला की त्याच्या जिवावर कडेला उभारलेले खांब पोकळ ठरतात. ताकेमियाचे तीन तारे मोठ्या स्पर्धांतून जवळजवळ दिसेनासे झाले. शाळकरी पोरांना तोंडपाठ असलेला एक क्रम होता: ताऱ्यावरच्या शत्रूजवळ जा, त्याने पलीकडून राखलं की कोपऱ्याच्या पायाशी सरक, मग कडेने दोन-तीन जागा सोडून पाय पसर. त्यातलं पायाशी सरकणंही मागे पडलं आणि पाय पसरणंही. काटागो म्हणतो, इथे आता काही करू नकोस, दुसरीकडे जा.

या दुसरीकडे जाण्याला जपानी शब्द आहे तेनुकी, शब्दशः हात काढून घेणं. मराठीत आपण हात काढून घेतला म्हणतो तेव्हा त्यात थोडी जबाबदारी टाळल्याची छटा असते. गोमध्ये तो गुण आहे: इथलं काम तितकं तातडीचं नाही, पटावर याहून मोठी जागा मोकळी आहे, हे ओळखता येणं.

तर मी एका शनिवारी आमचा डाव घरी जाऊन काटागोला दाखवला. काकांनी सातव्या-आठव्या चालीला कडेने दोन जागा सोडून जी शांत, नीटनेटकी सोंगटी ठेवली होती, तिथे त्याने दीड घराचं नुकसान दाखवलं. पुढच्या शनिवारी मी तो आकडा काकांसमोर ठेवला. काका म्हणाले, ‘दीड घर कुणाचं?’

मला वाटलं ते चिडले. तसं नव्हतं, त्यांना खरंच विचारायचं होतं.

इथे मला माझ्या कामाबद्दल दोन वाक्यं लिहिली पाहिजेत. मी किनाऱ्यालगतच्या भूजलात समुद्राचं खारं पाणी किती आत शिरतं याची संगणकीय मॉडेलं बनवते. या धंद्यात सगळी भांडणं कडेचीच असतात. मॉडेलच्या सीमेवर तुम्ही काय गृहीत धरलंत यावर आतलं उत्तर ठरतं, आणि उत्तर वाचणारा सीमेकडे कधीच पाहत नाही. काटागोच्या दीड घराचंही तेच आहे. तो आकडा सांगतो की इथून पुढे दोन्ही बाजूंनी काटागोच खेळला तर सरासरी किती फरक पडेल. कडेवर एकटी सोडलेली सोंगटी काटागोच्या हातात धोक्यात नसते, कारण चाळीस चालींनंतर तिच्यावर धाड आली तर तो तिला वाचवेल, किंवा टाकून देऊन दुसरीकडे तेवढंच मिळवेल. त्याचं अंथरूण लांबच लांब आहे. काकांचं आणि माझं नाही. २०२४ मध्ये काटागोबरोबर माणसांच्या डावांवरून शिकवलेलं एक जाळंही आलं; त्याला दर्जा सांगितला की ते त्या दर्जाच्या माणसासारखं खेळतं. म्हणजे करणाऱ्यांनाही हा प्रश्न दिसला होता.

आम्ही मग ती जागा दोनदा खेळून पाहिली. एकदा माझी सोंगटी एकटी ठेवून मी हात काढून घेतला, एकदा काकांनी. दोन्ही वेळा त्या एकट्या सोंगटीला पुढे पळ काढावा लागला, तीसेक चाली, मध्याकडे, दोन डोळ्यांच्या शोधात. एकदा मी हरले, एकदा जिंकले. यातून काही सिद्ध होत नाही. पण पळताना डाव कसा वाटतो, ते दीड घरात मावत नाही एवढं दोघांनाही जाणवलं. हॉटेलमालकाचं मत असं पडलं की दोघांनीही उगाच घाई केली.

माझं मत आता असं आहे: यंत्राने कडेची चाल चुकीची ठरवलेली नाही, तिची किंमत छापली आहे. दीड घर हा विम्याचा हप्ता आहे. बलवान माणसाला तो भरायची गरज नाही. ज्याला आपलं बळ नक्की माहीत नाही त्याने भरावा, पण आपण काहीतरी भरतो आहोत हे लक्षात ठेवून. जुन्या पुस्तकांत ही किंमत लिहिलेली नसायची. कडेने पाय पसरणं हा जणू धर्म होता. काकांना हे मत अर्धंच मान्य आहे. त्यांचं म्हणणं, कडेच्या जोडीचा उपयोग तिला वाचवण्यापुरता नसतो. पाठीमागे जागा पक्की असली की माणूस बाकीच्या पटावर वेगळा खेळतो, जास्त धीट. हे काटागोला विचारायची सोय अजून मला सापडलेली नाही.

या एप्रिलमध्ये माझ्याकडे दोन ईमेल होत्या. एक इथल्या मुदतवाढीची, नेहमीप्रमाणे एक वर्ष. दुसरी युरोपातल्या एका विद्यापीठाची, तीन वर्षं, विषय माझ्या आवडीचा, गट नावाजलेला. नवरा दुबईत नोकरीला, रोज दीडशे किलोमीटरच्या आसपास एकेरी गाडी चालवू नये म्हणून आठवड्यातले तीन दिवस तिकडेच राहणारा. आई सांगलीत, २०१९ च्या पुरात पहिल्या मजल्यापर्यंत पाणी आलेल्या घरात; ते घर सोडायला ती तयार नाही आणि इथून मुंबईला तीन तासांत विमान उतरतं. माझ्या वयाच्या सगळ्यांनी सांगितलं, जा. प्रोफेसरही, खाजगीत, हेच म्हणाले. तीन वर्षं म्हणजे मोठी जागा, आणि इथलं एक वर्ष कडेने सरकणं.

काकांना मी पटावरच्या भाषेत विचारलं. त्यांनी उत्तर दिलं नाही. विचारलं, ‘पाक्सानिम, मागे किती सोंगट्या उभ्या आहेत?’ मी मोजायला लागले. नवऱ्याची नोकरी ही एक. इथल्या विहिरींच्या मोजमापांची चार वर्षांची मालिका, जी आणखी एक उन्हाळा चालली तर तिच्यातून दोन चांगले शोधनिबंध निघतील आणि आत्ता सोडली तर एकही नाही, ही दुसरी. आईपर्यंतचे तीन तास ही तिसरी धरावी की नाही यावर मी अडले. ‘ती भिंत नाही,’ काका म्हणाले, ‘ती तुझ्या अंगावरची जबाबदारी. ती वेगळी मोज.’ म्हणजे दोन. दोनाला तीन. मी युरोपला नम्रपणे नकार कळवला आणि एक वर्षाच्या कागदावर सही केली. दीड घर गेलं असेल. नवऱ्याच्या मते दोन.

काका जूनमध्ये बुसानला परत गेले. पट आणि सोंगट्यांचे दोन लाकडी डबे माझ्याकडे ठेवून गेले. तिकडे त्यांच्याकडे याहून चांगला पट आहे, आणि सामानाचं वजन वाढत होतं. आता आम्ही इंटरनेटवर खेळतो, दिवसाला एक-दोन चाली.

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर एक सांगते. नवशिक्यांना सगळेच नऊ रेघांचा छोटा पट देतात, आणि मारामारी शिकायला तो उत्तम आहे, पण त्यावर कड नावाची गोष्टच नाही. एका कोपऱ्यातून हात लांबवला की दुसरा कोपरा लागतो. म्हणून आठवडाभरात तेरा रेघांवर जा, आणि जमेल तितक्या लवकर एकोणीसवर. पट विकत घ्यायची गरज नाही. जाड पुठ्ठा, पट्टी, आणि वाटीभर राजमा, वाटीभर छोले. मात्र राजमा घरंगळतो, टेबल सपाट बघून बसा. अबू धाबीत असाल तर शनिवारी सकाळी समोरची खुर्ची रिकामी आहे, आणि चाली सुचवायला हॉटेलमालक आहेच.